मुक्त कंपायलरच्या आवृत्तीची निवड : अहिल्यानगर जिल्ह्यातील सी भाषेच्या अध्यापनाच्या संदर्भात एक चिकित्सा

सारांश

सी भाषेच्या अध्यापनात जीसीसी या मुक्त कंपायलरचा वापर वाढत असला, तरी त्याची कोणती आवृत्ती वापरावी याचा विचार महाविद्यालयीन स्तरावर अभावानेच होतो. आवृत्ती बदलली की तोच प्रोग्रॅम कधी स्वीकारला जातो, तर कधी नाकारला जातो. प्रस्तुत लेखात टर्बो सी आणि जीसीसीच्या ४.९ ते १५ या आवृत्त्यांची अध्यापनाच्या दृष्टीने चिकित्सा केली असून, आवृत्ती निवडण्यापूर्वी भाषेचे मानक निश्चित करावे आणि ते प्रात्यक्षिक वहीत व प्रश्नपत्रिकेत नमूद करावे, असे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : कंपायलर, जीसीसी, आवृत्ती, भाषेचे मानक, प्रात्यक्षिक परीक्षा

१. प्रस्तावना

विद्यार्थ्याने लिहिलेला प्रोग्रॅम संगणकाला राबवता येईल अशा रूपात उतरवून देणारे साधन म्हणजे कंपायलर. हे काम करताना तो प्रोग्रॅम भाषेच्या नियमांत बसतो की नाही, याचाही निवाडा करतो. निवाडा आला की नियम कोणते हा प्रश्न ओघानेच येतो.

मराठीच्या अध्यापकांना हा प्रश्न अपरिचित नाही. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले आणि १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडली. त्यापूर्वीच्या ग्रंथांत अनुच्चारित अनुस्वार सर्रास आढळतात. ते ग्रंथ वाचून एखाद्या विद्यार्थ्याने 'घरें' असे लिहिले, तर आजच्या नियमांनुसार ते अशुद्ध ठरते. पण विद्यार्थी अज्ञानी असतो असे नव्हे. त्याच्या हाती पडलेला नियम वेगळ्या काळाचा असतो. सी भाषेच्या प्रयोगशाळेत नेमके हेच घडते. फरक इतकाच, की व्याकरणाचे नियम बदलल्याचे मराठीच्या अध्यापकाला ठाऊक असते. कंपायलरचे नियम बदलल्याची वार्ता मात्र प्रयोगशाळेपर्यंत पुष्कळदा पोहोचतच नाही.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा असून त्यात चौदा तालुके आहेत. शहरातील सुसज्ज प्रयोगशाळा आणि दुर्गम तालुक्यातील दहा-पंधरा वर्षे जुने संगणक यांत मोठे अंतर असते. अशा ठिकाणी 'जीसीसी वापरा' एवढ्या सूचनेने भागत नाही, हा या विवेचनाचा आरंभबिंदू आहे.

२. पार्श्वभूमी : मुक्त आणि फुकट

१९८३ हे वर्ष या विषयाच्या दृष्टीने दुहेरी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी महाराष्ट्र शासनाने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी देण्याचे धोरण स्वीकारले आणि जिल्ह्यात लोणी, संगमनेर व कोपरगाव येथे अशी महाविद्यालये उभी राहिली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. या प्रकल्पाचा सी कंपायलर, म्हणजे जीसीसी, १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. बोरलँड कंपनीचा टर्बो सी हा व्यापारी कंपायलरही १९८७ चाच. पुढे टर्बो सी++ ची ३.० ही आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि भारतातील महाविद्यालयांत ती दीर्घकाळ ठाण मांडून राहिली.

टर्बो सी २.०१ व टर्बो सी++ १.०१ या जुन्या आवृत्त्या बोरलँडने कालांतराने विनामूल्य उपलब्ध करून दिल्या. त्यामुळे 'टर्बोही फुकट आणि जीसीसीही फुकट' अशी समजूत रुजली. मराठीत 'फुकट' आणि 'मुक्त' हे दोन स्वतंत्र शब्द आहेत, त्यांचा येथे उपयोग करावयास हवा. टर्बो सी विनामूल्य झाला, तरी त्याची मूळ संहिता खुली झाली नाही. त्यामुळे तो होता तेथेच थांबला. जीसीसीची संहिता कोणालाही पाहता, बदलता व वाटता येते. १९९७ मध्ये विकासाच्या संथ गतीला कंटाळलेल्या काही विकासकांनी त्याची ईजीसीएस ही स्वतंत्र शाखा काढली आणि १९९९ मध्ये तीच अधिकृत जीसीसी म्हणून मान्य झाली. मुक्ततेमुळे हा कंपायलर जिवंत राहिला. जिवंत राहिल्यामुळे तो बदलत राहिला. आणि बदलत राहिल्यामुळेच आवृत्तीच्या निवडीचा प्रश्न उद्भवला.

३. टर्बो सी : गुण आणि मर्यादा

टर्बो सीचा आग्रह धरणाऱ्या अध्यापकांची बाजू सर्वस्वी चुकीची म्हणता येत नाही. लिहिणे, तपासणे आणि चालवणे ही सर्व कामे एकाच निळ्या पडद्यावर होतात, जुन्या संगणकावरही तो विनातक्रार चालतो, आणि त्याचे ग्राफिक्सचे हेडर वापरून वर्तुळ किंवा आलेख काढणे सोपे जाते. नागपूरचे यशवंत कानेटकर यांच्या 'लेट अस सी' सारख्या लोकप्रिय पुस्तकाच्या जुन्या आवृत्त्या याच वातावरणात लिहिल्या गेल्या आणि त्यांवर प्राध्यापकांची एक पिढी घडली.

तथापि मर्यादा मूलभूत आहेत. टर्बो सी सोळा बिटांच्या डॉस प्रणालीसाठी बनलेला आहे. चौसष्ट बिटांच्या विंडोजवर तो थेट चालत नाही; त्यासाठी डॉसबॉक्ससारखे अनुकरण करणारे साधन लागते. म्हणजे आजच्या संगणकावर जुना संगणक उभा करून त्यात भाषा शिकवावी लागते. त्यातील पूर्णांक दोन बाइटांचा असल्याने त्याची कमाल मर्यादा ३२,७६७ इतकीच आहे. प्रत्येक प्रात्यक्षिक वहीत असणारा क्रमगुणिताचा प्रोग्रॅम घेतला, तर सातचे क्रमगुणित ५,०४० बरोबर येते. आठचे ४०,३२० ऐवजी उणे २५,२१६ असे छापले जाते. जीसीसीवर पूर्णांक सामान्यतः चार बाइटांचा असल्याने तोच प्रोग्रॅम बारापर्यंत बरोबर उत्तर देतो आणि तेराला चुकतो. दोन्ही ठिकाणी चूक एकाच स्वरूपाची आहे. पण 'पूर्णांक दोन बाइटांचा असतो' हे वाक्य भाषेचा नियम म्हणून पाठ केलेल्या विद्यार्थ्याला ती समजत नाही. एका कंपायलरचा गुणधर्म भाषेचा नियम म्हणून शिकवला जाणे, हा टर्बो सीच्या दीर्घ वापराचा सर्वांत घातक परिणाम होय.

सी++ च्या बाबतीत ही दरी अधिक रुंद आहे. भाषेचे पहिले आंतरराष्ट्रीय मानक १९९८ मध्ये आले. टर्बो सी++ ३.० त्याच्या सात वर्षे आधीचा. 'आयओस्ट्रीम डॉट एच' हे जुने हेडर जीसीसीने काही काळ इशारा देऊन चालवून घेतले आणि २००८ च्या ४.३ आवृत्तीत काढून टाकले. बारावीला संगणकशास्त्र घेऊन सी++ शिकलेले विद्यार्थी बऱ्याचदा हे हेडर व 'कोनिओ डॉट एच' पाठ करूनच महाविद्यालयात येतात, आणि लिनक्सवरील पहिल्याच तासाला त्यांचा पहिलाच प्रोग्रॅम नाकारला जातो.

४. एक नाव, अनेक कंपायलर

टर्बो सोडून जीसीसी स्वीकारला की प्रश्न सुटला, असे मानण्याकडे कल असतो. वस्तुतः येथे तो नव्या रूपात सुरू होतो. विंडोजवर प्रचलित असलेल्या डेव्ह-सी++ ५.११ बरोबर जीसीसी ४.९.२ येतो. कोडब्लॉक्स १७.१२ बरोबर ५.१, तर कोडब्लॉक्स २०.०३ बरोबर ८.१ येतो. उबुंटू २०.०४ मध्ये ९, २२.०४ मध्ये ११ आणि २४.०४ मध्ये १३ ही आवृत्ती मूळची असते. एकाच वर्गातील विद्यार्थ्यांच्या संगणकांवर यांपैकी चार-पाच आवृत्त्या सहज आढळू शकतात, आणि प्रत्येक जण 'जीसीसी वापरतो' असेच सांगतो.

या आवृत्त्यांतील फरक केवळ वेगाचा वा सोयीचा नाही. कंपायलरला मानक सांगितले नाही, तर तो कोणते गृहीत धरतो हेच आवृत्तीगणिक बदलत गेले आहे. ४.९ पर्यंतच्या आवृत्त्या १९८९-९० चे मानक गृहीत धरत. २०१५ मधील ५ व्या आवृत्तीपासून २०११ चे, २०१८ मधील ८ व्या आवृत्तीपासून सी-१७ हे, आणि २०२५ मधील १५ व्या आवृत्तीपासून सी-२३ हे मानक गृहीत धरले जाते. शिवाय २०२४ मधील १४ व्या आवृत्तीने, पूर्वी ज्या बाबींवर केवळ इशारा दिला जाई त्यांपैकी काहींना चूक ठरवले.

याचा परिणाम नित्याच्या तीन उदाहरणांवरून स्पष्ट होईल. पहिले, 'फॉर' च्या कंसातच चल घोषित करणारा प्रोग्रॅम. 'डॉट सी' या विस्ताराने जतन केला असता ४.९.२ तो नाकारतो. ५ व त्यापुढील आवृत्त्या स्वीकारतात. दुसरे, परतीचा प्रकार न लिहिता केवळ 'मेन' असे लिहून सुरू होणारा प्रोग्रॅम. जुन्या पुस्तकांत अशी शेकडो उदाहरणे आहेत. १३ व्या आवृत्तीपर्यंत तो इशाऱ्यासह चालतो. १४ व्या आवृत्तीत चालत नाही. तिसरे, 'खरे' व 'खोटे' या मूल्यांसाठी 'बूल' नावाचा प्रकार स्वतः घोषित करणारा, डेटा स्ट्रक्चरच्या पुस्तकांत नेहमी दिसणारा प्रोग्रॅम. १४ व्या आवृत्तीपर्यंत तो निर्वेध चालतो. १५ व्या आवृत्तीत नाकारला जातो, कारण सी-२३ मध्ये 'बूल', 'ट्रू' व 'फॉल्स' हे भाषेचे राखीव शब्द झाले आहेत. तिन्ही प्रोग्रॅम मूळ हेतूच्या दृष्टीने बरोबर आहेत. पण आवृत्ती न बदलता, कोणताही पर्याय न देता, तिन्ही चालतील अशा आवृत्त्या ५ ते १३ याच आहेत.

नव्या आवृत्तीची ही कठोरता अकारण नाही. पूर्वघोषणा नसलेले फंक्शन पूर्णांकच परत करते, असे जुने गृहीतक होते. चौसष्ट बिटांच्या संगणकावर स्मृतीचा पत्ता आठ बाइटांचा आणि पूर्णांक चार बाइटांचा असल्याने, पत्ता परत करणाऱ्या फंक्शनबाबत हे गृहीतक निम्मा पत्ता कापून टाकते आणि प्रोग्रॅम अनपेक्षित ठिकाणी कोसळतो. १९९९ च्या मानकानेच हे गृहीतक रद्द केले होते. जीसीसीने त्याची सक्तीची अंमलबजावणी पंचवीस वर्षांनी केली. 'गेट्स' या फंक्शनचेही तसेच. किती अक्षरे घ्यावयाची हे त्याला सांगता येत नाही, म्हणून ते धोकादायक आहे. नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवरील हजारो संगणक ठप्प करणाऱ्या मॉरिस वर्मने ज्या त्रुटींचा फायदा घेतला, त्यांत याच फंक्शनचा वापर होता. २०११ च्या मानकातून ते वगळले गेले. तरीही नाव व पत्ता वाचण्याच्या प्रात्यक्षिकांत ते अद्याप आढळते.

५. आवृत्ती : एक अदृश्य सहअध्यापक

प्रयोगशाळेत वीस-पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक अध्यापक असतो. विद्यार्थ्याला त्याची चूक प्रथम सांगतो तो कंपायलर. म्हणून कोणती आवृत्ती अधिक चांगले शिकवते, हा निकष मोलाचा ठरतो. आणि या निकषावर जुन्या आवृत्त्या मागे पडतात.

२०१३ च्या ४.८ आवृत्तीपासून चुकीची ओळ छापून तिच्या खाली नेमक्या जागी खूण करण्याची सोय मूळचीच झाली. ६ व्या आवृत्तीपासून नावातील लेखनदोष ओळखून योग्य नाव सुचवण्याची सोय विस्तारली. अर्धविराम राहिल्यास जुन्या आवृत्त्या पुढच्या ओळीकडे बोट दाखवत. विद्यार्थी त्या निर्दोष ओळीतच चूक शोधत बसे. २०१८ च्या ८ व्या आवृत्तीपासून जेथे अर्धविराम हवा तेथेच निर्देश होऊ लागला. इंग्रजीवर पुरेसे प्रभुत्व नसलेल्या ग्रामीण विद्यार्थ्याला लांब संदेशापेक्षा ही खूण अधिक उपकारक आहे. २०२० च्या १० व्या आवृत्तीपासून तर चलांची नावे थेट देवनागरीत लिहिता येतात. 'बेरीज' किंवा 'व्याज' नावाचे चल घेऊन प्रोग्रॅम चालवता येतो. व्यावसायिक लेखनात याचा उपयोग मर्यादित असेल. परंतु चलाचे नाव प्रोग्रॅम लिहिणाराच ठरवतो, हे पहिल्या आठवड्यात पटवण्यासाठी याहून सोपे उदाहरण सापडणार नाही.

मराठीतून उपलब्ध असलेल्या साहित्याचाही येथे विचार व्हावा. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातील सी व सी++ चे पाठ मराठीतही उपलब्ध आहेत. हे पाठ उबुंटू ११.१० व जीसीसी ४.६.१ यांवर तयार केलेले असून तसे त्यांत आरंभीच सांगितले जाते. आवृत्ती जुनी आहे, हा त्यांचा दोष मानण्यापेक्षा आवृत्ती सांगितली आहे, हा त्यांचा गुण मानावयास हवा. पाठ पाहणाऱ्याला आपल्या पडद्यावरील संदेश वेगळा का, याचे उत्तर शोधण्याचा दुवा त्यामुळे मिळतो. क्रमिक पुस्तके, प्रात्यक्षिक वह्या व प्रश्नपत्रिका यांत हा दुवा सहसा नसतो.

६. आवृत्ती : एक अघोषित परीक्षक

या विषयातील खरी हानी परीक्षेत होते. अकोले किंवा पाथर्डी तालुक्यातील एखादी विद्यार्थिनी घरी संगणक नसल्याने मोबाइलवरील कंपायलरवर सराव करते, महाविद्यालयात विंडोजवर प्रात्यक्षिक करते आणि परीक्षेच्या दिवशी बहिःस्थ परीक्षकासमोर बसते, असे समजू. तिने तीन ठिकाणी तीन नियमावल्या पाहिलेल्या असतात. तिचा प्रोग्रॅम परीक्षेच्या संगणकावर नाकारला गेला, तर तिला स्वतःचीच चूक वाटते. हाताशी वेळ व दुसरा संगणक असलेला विद्यार्थी इंटरनेटवर शोध घेऊन मार्ग काढतो. तिच्याजवळ ती सवड नसते. आवृत्तीविषयीच्या मौनाची किंमत अशा रीतीने ज्याच्याजवळ साधने कमी, त्याच्याकडूनच अधिक वसूल केली जाते.

लेखी व तोंडी परीक्षेतील काही प्रश्न याहून गंभीर आहेत. एकाच विधानात त्याच चलाची किंमत दोनदा वाढवून 'आउटपुट काय येईल' असे विचारण्याची प्रथा जुनी आहे. अशा विधानाचा परिणाम सी भाषेच्या मानकाने निश्चित केलेलाच नाही. टर्बो सीवर एक उत्तर येईल, जीसीसीवर दुसरे, आणि त्याच जीसीसीत प्रोग्रॅम वेगवान करण्याचा पर्याय निवडल्यास कदाचित तिसरे. 'हे विधान अनिश्चित आहे' असे लिहिणारा विद्यार्थी येथे खरा जाणकार असतो. आदर्श उत्तरपत्रिकेत मात्र एक विशिष्ट संख्या असते. पूर्णांकाचा आकार किती, या प्रश्नाला 'दोन' किंवा 'चार' यांपैकी एकच उत्तर ग्राह्य धरणे हेही त्याच जातीचे. असे प्रश्न कोणत्याही आवृत्तीच्या आधारे न्याय्य ठरवता येत नाहीत. ते वगळणे हाच उपाय आहे.

७. निवडीचे निकष

या विवेचनातून निवडीसंबंधी काही निकष हाती येतात.

(अ) मानक आधी, आवृत्ती नंतर. आवृत्ती आणि मानक या भिन्न बाबी आहेत. नवा कंपायलरही जुन्या मानकानुसार काम करू शकतो. तसे त्याला आज्ञेतून सांगावे लागते. २०११ चे मानक, म्हणजे सी-११, सांगणारा पर्याय ४.९ पासून १५ पर्यंतच्या सर्व आवृत्त्या ओळखतात. जुन्या संगणकांवरील ४.९.२ आणि नव्या लॅपटॉपवरील १५ यांना एका नियमावलीखाली आणणारा हा सर्वांत सोयीचा दुवा होय. त्याच्या जोडीला सर्व नेहमीचे इशारे दाखवणारा 'वॉल' आणि मानकभंगाला चूक ठरवणारा 'पेडँटिक-एरर्स' हे पर्याय द्यावेत. मग १३ वी आवृत्तीही 'मेन' चा प्रकार न लिहिणाऱ्याला १४ व्या इतक्याच ठामपणे अडवते. ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रात्यक्षिकांत मात्र युनिक्सची खास फंक्शने लागत असल्याने काटेकोर सी-११ ऐवजी त्याचे ग्नू रूप निवडणे आवश्यक ठरते.

(आ) सर्वांत नवी म्हणजे सर्वांत योग्य, असे नाही. दीर्घकालीन आधार असलेल्या वितरणाबरोबर येणारी आवृत्ती महाविद्यालयाला अधिक उपयुक्त असते. उबुंटू २४.०४ ला २०२९ पर्यंत नियमित आधार असल्याने तिच्यातील १३ वी आवृत्ती एका पदवी अभ्यासक्रमाचा पूर्ण काळ स्थिर राहू शकते. प्रथम वर्षाला एक आणि तृतीय वर्षाला दुसरी नियमावली, असा गोंधळ त्यामुळे टळतो.

(इ) जुने सर्वस्वी टाकून देऊ नये. लिनक्सवर जीसीसीच्या दोन आवृत्त्या एकाच संगणकावर शेजारी शेजारी बसवता येतात. एकच प्रोग्रॅम दोन्हींवर चालवून फरकाचे कारण विद्यार्थ्यांनी लिहावे, असे एक प्रात्यक्षिक ठेवल्यास भाषा आणि कंपायलर यांतील भेद आपोआप समजेल. क्रमगुणिताचे उदाहरण त्यासाठी टर्बो सीवरही करून दाखवता येईल.

(ई) लेखी नोंद. प्रात्यक्षिक वहीच्या पहिल्या पानावर व प्रश्नपत्रिकेच्या शिरोभागी मानक व आवृत्ती नमूद असावी. यासाठी खर्च येत नाही. अभ्यास मंडळाच्या एका ठरावाने हे होऊ शकते.

८. समारोप

मुक्त कंपायलरने ग्रामीण महाविद्यालयांची मोठी अडचण दूर केली. परवान्याच्या खर्चाविना त्यांना जगभर वापरात असलेले साधन मिळाले. परंतु साधन मुक्त असले, तरी त्याच्या निवडीची जबाबदारी त्यामुळे संपत नाही. उलट निवड उपलब्ध असल्यानेच ती वाढते. टर्बो सीच्या काळात बदल नव्हता, म्हणून प्रश्नही नव्हता. जीसीसी दरवर्षी बदलतो आणि प्रत्येक बदलामागे कारण असते. ते कारण समजून घेणे हे अध्यापकाचे काम आहे, विद्यार्थ्याचे नव्हे.

शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे येथेही कोणता नियम श्रेष्ठ हा वाद चालूच राहील. उत्तरपत्रिका कोणत्या नियमांनुसार तपासली जाणार, हे मात्र विद्यार्थ्याला परीक्षेपूर्वी कळलेच पाहिजे. जिल्ह्यातील महाविद्यालयांनी मानक व आवृत्ती यांची एक ओळ छापण्याचा निर्णय घेतला, तरी संगणक न बदलता परीक्षेतील एक मोठा अन्याय कमी होईल.